अल-मसऊदी : पाहून आणि पारखून लिहिणारे भूगोलवेत्ते



आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर भूगोल घेते म्हणाली, की वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो पुढच्या पोटापाण्याचा. दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. या विद्येचा आपल्या दीनी आणि इल्मी वारशाशी काही संबंध आहे का, हा तो प्रश्न. या लेखात ज्यांचे जीवन आपल्यासमोर ठेवत आहे, त्यांच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचे पुरेपूर उत्तर आहे आणि पहिल्याचेही थोडेफार आहे. ते बगदादचे होते. त्यांच्या इंतकालाला हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही महाराष्ट्रातल्या मुस्लिम वस्तीचे डोळ्यांनी पाहिलेले अगदी जुने वर्णन आज आपल्याला ज्यांच्यामुळे वाचायला मिळते, त्यांत त्यांचे नाव फार वर आहे. त्यांचे पूर्ण नाव अबुल हसन अली बिन हुसैन अल-मसऊदी.

घराणे आणि शिक्षण

मसऊदी हे नाव त्यांच्या वंशाकडे बोट दाखवते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे थोर सहाबी आणि कुरआनचे जाणकार हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या वंशात त्यांचा जन्म झाला. तिसऱ्या हिजरी शतकाच्या अखेरच्या दशकांत ते बगदादमध्ये जन्मले आणि वाढले. अब्बासी खिलाफतीची राजकीय ताकद तेव्हा उतरणीला लागली होती, इल्मची बाजारपेठ मात्र तेजीत होती. ग्रीक, पहलवी आणि संस्कृत ग्रंथांचे अरबी अनुवाद झालेले होते. इमाम तबरी हे थोर मुफस्सिर आणि इतिहासकार त्याच शहरात आपले काम पूर्ण करत होते. मसऊदींनी पुढे आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात पूर्वसूरींच्या पुस्तकांची लांबलचक यादी दिली, तिच्यात तबरींच्या इतिहासाचा त्यांनी फार आदराने गौरव केला आहे.

भूगोल ही त्या काळी फावल्या वेळची हौस नव्हती, ही गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे. नमाजसाठी किब्ल्याची दिशा हवी, पाच वेळा ठरवायच्या तर सूर्याची गती कळायला हवी, हजसाठी वाटा आणि पाणवठे ठाऊक हवेत. आपल्या तासगावातून किब्ला नेमक्या पश्चिमेला नसून किंचित उत्तरेकडे कललेला आहे, एवढी एक गोष्ट काढायलासुद्धा दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लागतात. खलिफा मामूनच्या काळात विद्वानांनी सिंजारच्या मैदानात उतरून पृथ्वीच्या एका अंशाची लांबी मोजली होती. टपालखात्याचे अधिकारी इब्न खुर्दाजबिह यांनी वाटा आणि राज्ये यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. मामूनसाठी तयार झालेला जगाचा नकाशा मसऊदींनी स्वतः पाहिला आणि टॉलेमीच्या नकाशापेक्षा तो सरस असल्याचे नोंदवले.

असे तयार ज्ञान हाताशी असताना कोणीही बगदादच्या ग्रंथालयात बसून आणखी एक पुस्तक सहज लिहिले असते. अनेकांनी तसेच केले. मसऊदींनी मात्र ऐन तारुण्यात घर सोडले आणि उरलेले बहुतेक आयुष्य वाटेवर घालवले. कोणत्याही दरबाराचे पगारी इतिहासकार म्हणून ते ओळखले जात नाहीत. त्यांची सारी कीर्ती त्यांच्या पायपिटीवर आणि लेखणीवर उभी आहे.

इराणातले घर आणि चित्रांचे पुस्तक

हिजरी ३०३ मध्ये, म्हणजे इ.स. ९१५ च्या सुमारास, ते इराणातल्या इस्तखर शहरात होते. तिथल्या एका खानदानी इराणी घराण्यात त्यांना एक भव्य पुस्तक पाहायला मिळाले. त्यात सासानी घराण्याच्या २७ राज्यकर्त्यांची चित्रे होती. त्यांपैकी २५ पुरुष आणि २ स्त्रिया होत्या. प्रत्येकाचा पोशाख, मुकुट आणि चेहरा रंगवलेला होता. मसऊदींनी ते बारकाईने पाहिले आणि अनेक वर्षांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. पराभूत झालेल्या, धर्माने वेगळ्या असलेल्या राजघराण्याची आठवण एका मुस्लिम विद्वानाने अशी जपून ठेवली, हे लक्षात घ्यावे. कोणत्याही समाजाची माहिती त्या समाजाच्याच माणसांकडून आणि त्यांच्याच पुस्तकांतून घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता होता. पुढे तबरिया शहराच्या परिसरात त्यांनी ज्यू विद्वानांशी दीर्घ चर्चा केल्या. हर्रानला जाऊन साबी पंथीयांचे देऊळ पाहिले. फ्रँक राजांची वंशावळ हवी होती, तेव्हा त्यांनी खिरोना शहराच्या बिशपने लिहिलेले पुस्तक मिळवले. हे पुस्तक त्यांना हिजरी ३३६ मध्ये इजिप्तच्या फुस्तात शहरात हाती लागले.

खंबायतची भरती

इराणातून ते सिंध आणि मुलतानकडे वळले आणि तिथून गुजरातच्या किनाऱ्यावर आले. खंबायत तेव्हा मोठे बंदर होते, आणि तिथल्या चपला बगदादपर्यंत प्रसिद्ध होत्या. तिथल्या अधिकाऱ्याविषयी त्यांनी लिहिले आहे की तो ब्राह्मण होता, आणि बाहेरून येणाऱ्या मुसलमानांशी व इतर धर्मीयांशी चर्चा करण्याची त्याला फार आवड होती.

त्याच खाडीत त्यांनी भरती-ओहोटी पाहिली. ओहोटीला पाणी इतके मागे सरकते की वाळूचा तळ उघडा पडतो. त्या वाळूवर एक कुत्रा बसला होता. भरतीचे पाणी डोंगरासारखे चाल करून आले, कुत्रा जिवाच्या आकांताने पळाला, पण पाण्याने त्याला गाठले आणि बुडवले. खंबायतच्या आखातातली भरती आजही भारतातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी एक आहे. ती किती वेगाने येते हे सांगण्यासाठी मसऊदींनी एका कुत्र्याची धाव वापरली. मोजण्याचे यंत्र जवळ नसले तरी डोळस माणूस मोजमाप शोधून काढतो.

चौलचे दहा हजार मुसलमान

आता आपल्या अंगणात येऊ. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, मसऊदी सैमूर बंदरात होते. सैमूर म्हणजे आजचे चौल, रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात रेवदंड्याला लागून असलेले. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. त्या काळी तिथे अरबस्तान आणि इराणच्या आखातातली जहाजे लागत.

चौलचा स्थानिक राजा तेव्हा शिलाहार घराण्यातला झंझ होता. मसऊदींनी त्याचे नाव अरबी उच्चारात दिले आहे. तो ज्या सम्राटाचा मांडलिक होता, त्याला अरब लेखक बलहरा म्हणत. हे राष्ट्रकूटांच्या वल्लभराज या पदवीचे अरबी रूप आहे. त्याची राजधानी मानकीर, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मालखेड. वाचकहो, आज आपण ज्याला सातारा-सांगली म्हणतो, तो कृष्णाकाठचा मुलूखही तेव्हा याच राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. म्हणजे मसऊदी ज्या राज्याचे वर्णन करत होते, ते आपलेच होते.

चौलमध्ये त्यांना सुमारे १०,००० मुसलमान वस्ती करून असलेले आढळले. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले लोक होते. पण मसऊदींनी एक गट वेगळा नोंदवला. त्याला ते बयासिरा म्हणतात. मुसलमान आईबापांच्या पोटी याच भूमीवर जन्मलेल्यांना हे नाव होते. समाजाचा एक प्रमुख असे, त्याच्या पदाला हुनरमन म्हणत. मुसलमानांचे आपसातले तंटे तोच मिटवी. मसऊदी गेले तेव्हा या पदावर अबू सईद मारूफ बिन जकरिया होते. मोठ्या व्यापाऱ्यांत मूसा बिन इसहाक यांचे नाव त्यांनी दिले आहे. बलहराच्या राज्यात मुसलमानांना मान आणि संरक्षण आहे, त्यांच्या मशिदी आहेत आणि तिथे पाच वेळा नमाज होते, असेही त्यांनी लिहून ठेवले.

या नोंदीचे मोल आपण नीट समजून घ्यावे. सल्तनती स्थापन होण्याच्या कित्येक शतके आधी, कोणत्याही लष्कराविना, व्यापाराच्या वाटेने आलेले आणि मग इथलेच झालेले मुसलमान या किनाऱ्यावर राहत होते. एका हिंदू राजाच्या छत्राखाली ते निर्धास्त होते, आणि बयासिरांची पिढी तर इथल्याच मातीत जन्मली होती. आपण कुठून आलो, असा प्रश्न मुलांना शाळेत किंवा नाक्यावर विचारला गेला, तर रागावण्यापेक्षा त्यांना ही नोंद ठाऊक असणे अधिक उपयोगाचे आहे. दर्यावर्दी व्यापारी आणि सहिष्णु राजा या दोघांच्याही बाजूने साक्ष देणारी अशी नोंद दुर्मीळ आहे. ती कोणी दरबारी भाटाने लिहिलेली नाही, तिथे स्वतः उभा राहिलेल्या एका भूगोलवेत्त्याने लिहिली आहे.

लोकांच्या खाण्यापिण्याकडेही त्यांचे लक्ष होते. विड्याचे पान, चुना आणि सुपारी यांचे त्यांनी वर्णन केले, आणि सुपारी या किनाऱ्यावरून हिजाज आणि यमनपर्यंत पोहोचते, मक्केतले लोकही ती आवडीने चघळतात, हे नोंदवले. तासगावच्या सौद्यात बेदाण्याची पेटी लागते आणि तिथून तो माल कुठल्या कुठे जातो, हे आपण रोज पाहतो. मसऊदींना ती पेटी दिसली असती तर त्यांनी आधी तिचा मार्ग विचारला असता. वस्तू कुठे पिकते, कोण विकतो, कोणत्या वाटेने जाते आणि कोणाच्या तोंडी लागते, ही साखळी जोडणे हाच भूगोलाचा एक मोठा भाग आहे.

समुद्र आणि त्यांचे प्रश्न

त्याच हिजरी वर्षी मसऊदी पूर्व आफ्रिकेजवळच्या कंबलू बेटावरून ओमानला परतले. ज्या सिराफी बंधूंच्या जहाजातून हा प्रवास झाला, ते दोघे भाऊ पुढे त्याच समुद्रात जहाजासह बुडाले. मसऊदींनी अनेक समुद्र पालथे घातले होते, पण झंजच्या या समुद्राइतका भयंकर दुसरा पाहिला नाही, असे त्यांचे मत होते. आफ्रिकेतले हस्तिदंत ओमानमार्गे हिंद आणि चीनला जाते, ही साखळीही त्यांनी इथेच जोडली.

कॅस्पियन समुद्राविषयी जुन्या पुस्तकांत असा समज होता की तो दुसऱ्या समुद्राला मिळालेला आहे. मसऊदी त्या समुद्रातून जहाजाने गेले. तिथल्या प्रत्येक जाणत्या व्यापाऱ्याला आणि खलाशाला त्यांनी हाच एक प्रश्न विचारला, आणि हा समुद्र चारी बाजूंनी बंद आहे असा निर्वाळा दिला. तो बरोबर होता.

दुसरे उदाहरण फार सुंदर आहे. भूमध्य समुद्रात, क्रीट बेटाजवळ, सागवानी फळ्या सापडल्या. त्यांना भोके पाडलेली होती आणि त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होत्या. अशी शिवलेली जहाजे फक्त हिंदी महासागरात चालत. भूमध्यात खिळ्यांनी जोडलेली जहाजे असत. मग ही फळी तिथे पोहोचली कशी? त्यावरून मसऊदींनी निष्कर्ष काढला की दूर उत्तरेकडून फेरा घेऊन समुद्र एकमेकांना मिळाले असले पाहिजेत. त्या फळीचा खरा प्रवास कोणता, हा वाद बाजूला ठेवू. एका तुटक्या लाकडावरून अख्ख्या पृथ्वीच्या पाण्याचा विचार करणारी ही बुद्धी आपण पाहावी.

मगरीची गोष्ट

आता ज्या प्रसंगासाठी मी हे चरित्र निवडले, तिकडे येतो. मसऊदींच्या आधीच्या पिढीत बसऱ्याचे अल-जाहिज हे अरबी गद्याचे सम्राट होऊन गेले. त्यांची लेखणी अशी की आजही अरबी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिच्यापुढे मान झुकवावी लागते. या जाहिज यांनी लिहून ठेवले होते की सिंधू आणि नील या दोन्ही नद्या एकाच उगमाच्या आहेत. पुरावा काय, तर दोन्हींत मगरी आहेत.

मसऊदींनी जाहिज यांच्या शैलीचा मान राखला, पण हे विधान मान्य केले नाही. जाहिज समुद्रावर गेले नव्हते, त्यांनी फारसा प्रवास केला नव्हता आणि वाटांचा त्यांना अनुभव नव्हता, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. सिंधूचा उगम उत्तरेकडे आहे आणि तो लोकांना ठाऊक आहे. मगरी तर हिंदच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांतही आहेत, गोव्याजवळच्या सिंदाबूरच्या खाडीतही आहेत. मग त्या साऱ्या खाड्याही नीलच म्हणायच्या का?

भिलवडी, औदुंबरच्या परिसरातल्या वाचकांना हे उत्तर लगेच पटेल. आपल्या कृष्णेत मगरी आहेत. नदीकाठी जनावरे धुणारा, मोटारीचे फुटबॉल काढायला पाण्यात उतरणारा शेतकरी त्यांना ओळखून असतो. जाहिज यांच्या न्यायाने चालले, तर महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णाही इजिप्तची नील ठरावी!

गेंड्याबाबतही असेच घडले. गेंड्याचे पिल्लू सात वर्षे आईच्या पोटात राहते आणि मधूनमधून डोके बाहेर काढून चारा खाते, अशी कथा जाहिज यांनी दिली होती. मसऊदींनी सिराफ आणि ओमानच्या ज्या लोकांनी हिंद पाहिला होता त्यांना विचारले, हिंदमध्ये भेटलेल्या व्यापाऱ्यांना विचारले. ऐकणारा प्रत्येक जण चकित झाला. गेंडाही गायी-म्हशींप्रमाणेच गाभण राहतो आणि वितो, असे सर्वांनी सांगितले.

बातमी आली की तिची आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाचे नुकसान होईल आणि मग पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. हदीसच्या इमामांनी एकेका रिवायतीसाठी महिनोन्‌महिने प्रवास केले, सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकले, दोघांची भेट झाली होती का, हे तपासले. मसऊदींनी तीच शिस्त नद्या, समुद्र आणि जनावरांना लावली. सांगणाऱ्याची भाषा कितीही देखणी असो, त्याचे नाव कितीही मोठे असो, त्याने ती गोष्ट पाहिली आहे का, हा प्रश्न ते सोडत नसत.

नीलचे मोजमाप आणि आयर्विनचा पूल

आयुष्याच्या उत्तरार्धात मसऊदी सीरिया आणि इजिप्तमध्ये राहिले. हिजरी ३३० मध्ये फुस्तातला नील नदीवर ख्रिस्ती लोकांचा गितासचा सण त्यांनी पाहिला. काठावर आणि होड्यांत पेटलेल्या मशाली, मुसलमान आणि ख्रिस्ती यांची एकत्र जमलेली गर्दी, असे त्याचे वर्णन त्यांनी केले आहे.

नीलची पातळी मोजण्यासाठी नदीतल्या बेटावर एक मोजस्तंभ होता. त्याला मिकयास म्हणत. मसऊदींनी त्याची पूर्ण माहिती दिली आहे. पाणी १६ हातांवर आले की पीक पुरे आणि शेतसारा पुरा. त्याहून फार वाढले की जमिनी बुडू लागत. स्तंभावरच्या तेराव्या आणि चौदाव्या हातांना लोकांनी नावे ठेवली होती, मुनकर आणि नकीर! कबरीत सवाल करणाऱ्या फरिश्त्यांची ही नावे. पाणी त्या दोन खुणांपाशी अडले की दुष्काळाचा सवाल समोर उभा राही आणि लोक पावसासाठी इस्तिस्काची नमाज पढायला बाहेर पडत.

सांगलीकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात अख्खा जिल्हा एकमेकांना एकच गोष्ट विचारतो, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट? २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत त्या पुलाजवळच्या आकड्यावर हजारो कुटुंबांनी घर सोडायचे की नाही ते ठरवले. त्याच दिवसांत फोनवर काय काय फिरते, हेही आपण जाणतो. अमके धरण फुटले, तमक्या धरणाचे सगळे दरवाजे उघडले. जो माणूस आलेला निरोप तसाच पुढे ढकलतो, तो जाहिज यांची मगर पुढे ढकलतो. जो थांबून पातळीचा आकडा पाहतो, कोयना आणि अलमट्टी कुठे आहेत आणि पाणी कोणत्या दिशेने वाहते हे ज्याला कळते, तो शेजाऱ्याचा जीव वाचवू शकतो. अशा वेळी भूगोल येणे ही इबादतीच्या जवळची खिदमत ठरते.

ग्रंथ, आणि त्यांचे नशीब

एवढे पाहिलेले मसऊदींनी तितक्याच चिकाटीने लिहिले. त्यांचा पहिला महाग्रंथ अखबार अल-जमान. तो ३० खंडांचा होता असे सांगतात. त्याचा संक्षेप म्हणून त्यांनी अल-औसत लिहिला. दोन्हींचा आणखी संक्षेप करून हिजरी ३३२ (इ.स. ९४३) मध्ये मुरूज अल-जहब लिहिला आणि हिजरी ३३६ मध्ये सुधारला. नावाचा अर्थ सोन्याची कुरणे. या ग्रंथासाठी त्यांनी दीडशेहून अधिक लिखित साधने वापरली. हिजरी ३४५ (इ.स. ९५६) मध्ये अत-तनबीह वल-इशराफ हा शेवटचा ग्रंथ पूर्ण झाला. त्यात वारे, समुद्र, पृथ्वीचे सात पट्टे आणि राष्ट्रांचा आढावा आहे. त्यानंतर लवकरच फुस्तातमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

३० खंडांचा तो महाग्रंथ आज उपलब्ध नाही. औसतही नाही. त्यांच्या तीसहून अधिक ग्रंथांपैकी मुख्यतः मुरूज आणि तनबीह हे दोनच आपल्यापर्यंत निर्विवादपणे पोहोचले. आपले लेखन विकृत होऊन पुढे जाईल, ही चिंता त्यांना होती. म्हणून मुरूजच्या आरंभी आणि शेवटी त्यांनी ताकीद लिहून ठेवली, की यातला मजकूर बदलणाऱ्यावर, त्यात भेसळ करणाऱ्यावर किंवा तो दुसऱ्याच्या नावावर खपवणाऱ्यावर अल्लाहचा कोप होवो. एकोणिसाव्या शतकात, १८६१ ते १८७७ या काळात, पॅरिसमध्ये मुरूजची अरबी संहिता फ्रेंच अनुवादासह ९ खंडांत छापली गेली, तेव्हा युरोपच्या विद्वानांनी त्यांना अरबांचा हेरोडोटस म्हटले.

न्यायाने पाहायचे तर त्यांच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चारशेहून अधिक वर्षांनी इब्न खलदून यांनी त्यांना इतिहासकारांचा इमाम मानले, आणि त्याच हाताने त्यांच्या चुका दाखवल्या. बनी इस्राईलच्या सैन्याचा अशक्य आकडा मसऊदींनी तपासल्याविना दिला, सिकंदराने समुद्रातल्या राक्षसांची चित्रे काढण्यासाठी काचेच्या पेटीतून तळाशी बुडी मारल्याची कथा तशीच उतरवली. जिथे त्यांनी स्वतः पाहिले किंवा पाहणाऱ्याला विचारले, तिथे ते भक्कम आहेत. जिथे जुन्या पुस्तकावर विसंबले, तिथे डळमळीत आहेत. त्यांनी जाहिज यांना लावलेली कसोटी इब्न खलदून यांनी त्यांनाच लावली, आणि इल्मची परंपरा अशीच पुढे सरकते. बुजुर्गांचा आदर आणि त्यांच्या म्हणण्याची तपासणी, या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकत्र सांभाळल्या होत्या.

आजच्या विद्यार्थ्यासाठी

आता आरंभीच्या पहिल्या प्रश्नाकडे. आज मसऊदी व्हायला घरदार सोडावे लागत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भूगोलाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पदवीपर्यंतचे शिक्षण जिल्ह्यातच मिळते. पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट परीक्षा दिली की अध्यापनाची वाट खुली होते. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून नकाशे करण्याचे तंत्र शिकले तर देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, १७६७ पासून चालत आलेला भारतीय सर्वेक्षण विभाग, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा, अशी कामाची कितीतरी दारे आहेत. स्पर्धा परीक्षांत तर भूगोल हवाच.

आणि काम तर आपल्या उंबऱ्याशी पडलेले आहे. एकाच जिल्ह्यात कृष्णाकाठ पुरात बुडतो आणि जत-आटपाडी पावसाची वाट पाहत बसते. तासगाव या दोहोंच्या मध्ये आहे. येरळेचे पात्र वर्षातले कित्येक महिने कोरडे असते. टेंभू, ताकारी, म्हैसाळचे पाणी कोणत्या शिवारात पोहोचले आणि कोणत्या नाही, कोणत्या गावात विंधनविहिरी किती खोल गेल्या, द्राक्षबागांनी जमिनीखालच्या पाण्याचे काय केले, याची प्रामाणिक मोजणी करणारी माणसे हवी आहेत. ती आपल्या मोहल्ल्यातून का निघू नयेत? मुलींनाही ही विद्या खुली आहे, हे पालकांनी विसरू नये.

तोवर एवढे तरी आपल्या हाती आहे. जेवणानंतर मुलांसमोर नकाशा उघडावा. त्यावर मक्का, बगदाद, खंबायत, चौल आणि तासगाव ही पाच ठिकाणे त्यांच्याकडून शोधून घ्यावीत. मग कृष्णा कुठे उगवते आणि कुठे समुद्राला मिळते, ती रेघ त्यांच्या बोटाने काढून घ्यावी. आणि एखादी बातमी घरात आली, की ती पाहिली कोणी, हे विचारण्याची सवय त्यांना लावावी. अल्लाह तआला आपल्या मुलांना नफा देणारे इल्म, पाहणारे डोळे आणि खरे सांगणारी जीभ देवो. आमीन.